महाधमनीचा फुगा आणि मैयाची कृपा

मूतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली आणि खडा राहिला बाजूलाच. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, फुग्यासारखी फुगलेली निघाली. ती कधीही फुटू शकते, असं सर्जनबाई म्हणाल्या. फुगा नेमका मूत्रपिंडांना रक्त नेणाऱ्या फांद्यांपाशी होता आणि माझी फुफ्फुसं इतकी अधू, की पोट उघडून केलेलं ऑपरेशन झेपलं नसतं. जांघेतल्या धमनीतून कापडानं मढवलेली जाळीची नळी आत बसवायची, हा एकच मार्ग उरला होता. मी विचार करतो म्हणालो आणि घरी येऊन देवासमोर बसलो. रोज नर्मदामैयाचं नाव घेणारा मी, पण त्या दिवशी ओठ हलेनात. ऐकणारं कोणी आहे तरी का, एवढंच मनात येत होतं.

“काहून असे घुमे बसून राहिले? चला, घाटावर जाऊन येऊ,” बायको म्हणाली. राइट टाउनमधल्या घरून ऑटोनं आम्ही नर्मदेवरच्या ग्वारीघाटला गेलो. ती दिवा सोडायला खाली उतरली, मी पायरीवर बसलो. माझ्याच वयाचा एक गृहस्थ न्हाऊन वर येत होता. “नहाओगे नहीं, भैया?” त्यानं विचारलं. काय झालं कुणास ठाऊक, त्या अनोळखी माणसाला मी सगळं सांगून मोकळा झालो.

 स्वतःच्या पोटावर हात ठेवून तो म्हणाला, “मुझे भी यही था। पेट नहीं चीरा, जांघ से गए।” कुंडमकडचा शेतकरी होता तो, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्याही माझ्याच सर्जनबाई. भीती वाटली नाही का, मी विचारलं. “बहुत लगी,” तो म्हणाला. लोट्यातलं थोडं पाणी माझ्या ओंजळीत ओतून तो न थांबता पायऱ्या चढून गेला. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी बाईंना होकार कळवला.

त्यांनी माझ्या स्कॅनवरून नळी खास बनवून घेतली. तिला लहान खिडक्या होत्या, आणि प्रत्येक खिडकी आपापल्या फांदीसमोर यायला हवी होती. मी जन्मभर संरक्षण कारखान्यात लेथवर काम केलं. केसाएवढ्या फरकानं पार्ट वाया जाताना पाहिलेत. इथे तर वाहत्या रक्तात, नुसतं पडद्यावर बघून माप जुळवायचं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर मी उगाच अंग ताठ करून पडलो होतो. बाईंनी कपाळावर हात ठेवला. “काका, अब आप कुछ मत कीजिए। हम हैं ना।” मी मनात ‘माय’ म्हणालो आणि डोळे मिटले.

खिडकीतून डावीकडच्या फांदीत घालायची बारीक तार बराच वेळ आत जात नव्हती, हे मला नंतर कळलं. वॉर्डात हिंडूफिरू लागल्यावर मी बाईंना विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

“जोर लगाने से तार जा नहीं रहा था,” त्या हसल्या. “थोड़ा रुकी, हाथ ढीला छोड़ा। फिर चला गया।”

त्यांच्या दृष्टीनं ती कामातली साधी गोष्ट होती. मी मात्र तिथेच हात जोडले. त्यांना जोडले की मैयाला, हे मला वेगळं करता आलं नाही आणि करावंसंही वाटलं नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी आजवर समजत होतो. आता सकाळी नाव घेताना काही मागत नाही. मूठ तेवढी सैल ठेवतो.