बाजा वाजवत येणारं भूत

धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, अशा एका गावात राहत होता एक म्हातारा, त्याची म्हातारी म्हणजे मी, आणि आमचा धाकटा, माणिक. धान होतं, बैलजोडी होती, घरावर कौलं होती. सून तेवढी नव्हती. काऊन नव्हती? तर घरात भुतं होती! टीव्हीतली.

ब्रह्मपुरीत सीड्या भाड्यानं देणाऱ्या एकानं दुकान बंद केलं. लोकांनी त्याचा पंखा घेतला, कपाट घेतलं. आमच्या माणिकनं भुतांच्या जुन्या पिक्चरांचं पोतं आणलं! तेव्हापासून दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या बाया आमच्या घरात. घाबरायला कोणी येत नव्हतं, सगळ्या हसायला येत. मोहफुलं वेचताना टोपली कधी भरली ते समजत नाही, तसे किस्से साचत गेले. आता माझ्याजवळ बसलं की दोन-चार ऐकल्याशिवाय उठता येत नाही.

*

पहिल्याच दिवशीचं सांगते. स्मशानातली माती हलली, धूर निघाला, आणि अंगभर केस चिकटवलेलं एक धूड बाहेर आलं. केस म्हणजे काय, जुन्या गादीतला नारळाचा काथ्या! डोळे एक इकडे, एक तिकडे. बाया जरा मागं सरकल्या.

शेजारची सगुणा मात्र पुढं सरकली. तिची नजर भुताच्या तोंडाकडे नाही, पायाकडे.

"अवं माय! याच्या पायात रबराची चप्पल आहे न!"

सगळ्यांनी पाहिलं. होती! निळ्या पट्ट्याची.

सगुणा म्हणाली, "जिवंतपणी देवळातून चोरीले गेली असन. आता मेला तरी काढून नाई राह्यला!"

*

दुसऱ्या पिक्चरात बंगला होता. या लोकांना जंगलात बंगलाच कसा सापडतो कोण जाणे. आम्ही जन्म इथं काढला, आम्हाला तेंदूची पानं सापडली, मोह सापडला, अस्वलाची विष्ठा सापडली. बंगला काही सापडला नाही.

तर त्या बंगल्यातली हिरोईन अंधारात एकटीच निघाली. पातळ साडी, उंच टाचेचे सँडल, हातात मेणबत्ती. आम्ही उजेडात पानं तोडायला जातो तरी घोळक्यानं जातो, एकमेकींना हाका मारत मारत.

"काऊन चालली वं तिकडे?" बाया टीव्हीवरच ओरडल्या. "परत फिर! कोणाले तरी सोबत घे!"

ती कशाची ऐकते! इतक्यात बाजा सुरू झाला. ढँण ढँण ढँण! मग भूत आलं.

मी म्हटलं, "भुताची जात चांगली बाई. आधी बाजा वाजवते, मंग येते. वाघ असा वाजवत आला असता त माही कपिला गाय गेली नसती."

त्यावर मात्र कोणी हसलं नाही. मग सगुणाच म्हणाली, "अन् वाघाचा पंचनामा होते. भुतानं खाल्लं त तेवढा तरी वाचते!"

*

आता माणिकच्या लग्नाचं. शेतीवाल्या पोट्ट्याला पोरगी द्यायची म्हटलं की बापाचा चेहरा असा होतो, की त्याला भूत करायचं तर मेकअपसुद्धा लागू नये. तरी एक पाहुणे आले. घर पाहायला पोरगीही सोबत होती, नाकीडोळी नीटस. पोहे झाले, चहा झाला. पोरीच्या बापानं प्रेमानं विचारलं,

"भाऊ, तुमाले शौक काय आहे?"

म्हाताऱ्यानं डोळे वटारले. पण माणिकला कोणी इतक्या प्रेमानं कधी विचारलंच नव्हतं! तो म्हणाला, "जुने भुताचे पिक्चर." पाहुणा म्हणाला, "त्याच्यात पाहासारखं काय असते?"

झालं! माणिक उठला. मान वाकडी केली, हात पुढं केले, एक पाय घासत घासत पाहुण्याच्या खुर्चीपर्यंत गेला आणि घशातून घर्रर्र केलं.

पाहुण्यानं कप खाली ठेवला. हळूच म्हाताऱ्याच्या कानाशी लागला,

"पोराले फिट कधीपासून येते जी?"

*

आमचे जावई ऊर्जानगरात, वीज कंपनीच्या वसाहतीत राहतात. क्वार्टर आहे, कंपनीची बस आहे, म्हणून अक्कलही कंपनीनंच दिली असं त्यांना वाटतं. आले की नाक मुरडायचे, "आई, काय फालतू पाहता! एकदा नवे पाहा, कॉम्प्युटरचे. एकदम खरं वाटते."

एकदा लॅपटॉप घेऊन आले. भूत खरंच भारी होतं. नख न नख दिसत होतं, लाळ गळत होती. अर्ध्या तासात निम्म्या बाया घोरायला लागल्या.

जावई चिडले. "काऊन? आवडला नाई?"

सगुणा म्हणाली, "जावईबापू, याच्यात माणूस कुठी आहे? आमच्या भुतात एक माणूस असते. घामेजते बिचारा, केसानं खाजवते, मुखवट्यातून त्याले दिसत नाई म्हणून खांबावर आपटते. त्याची दया येते. याची कोणाले येईन?"

जावई पाय आपटत शेताकडे फिरायला गेले. आणि थोड्याच वेळात धोतर सोडून पळावं तसे पळत आले, पँटवर असूनही! बांधीत माणिकनं बुजगावणं उभं केलं होतं. फाटका कोट, काथ्याची दाढी, रंगवलेलं मडकं.

म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "खरं वाटलं न, बापू?"

*

बुजगावण्याला जावई भ्यायले, रानडुकरं भ्यायली नाहीत. धान लोंबीवर आलं होतं. आमच्याकडे लोक शेतात भोंगा लावून कुत्र्याचा, वाघाचा आवाज सोडतात. माणिकनं भुताच्या पिक्चरचा सोडला. आरडाओरडा तेवढा कापून घ्यायचं त्याला जमलं नाही, म्हणून पूर्ण पिक्चरच लावला! गाणी, कॉमेडी, सगळं.

सुरुवातीला डुकरं पळाली. माणिकची छाती फुगली. मग एका संध्याकाळी म्हातारा पाहायला गेला, तर गाण्यावर कळपच्या कळप चरत होता. भूत ओरडलं की मान वर करायची, पुन्हा खाली घालायची.

म्हातारा घरी येऊन म्हणाला, "भोंगा काढ गा माणिक. इंटरवलपर्यंत काई होत नाई, हे त्याहीले समजलं."

डुकरांना समजलं, माणसांना नाही! भोंगा निघायच्या आधीच वरोऱ्याकडचे पाहुणे पोरगी घेऊन जीपनं येत होते. वेशीपाशी त्यांनी बाईचं रडणं अन् भुताचं हसणं ऐकलं, आणि जीप तिथूनच वळली. निरोप आला, पोरगी अजून शिकून राह्यली. मग तर गावोगावी झालं, त्या घरच्या शेतात भुतं कण्हतात, पोट्टी देऊ नका. माणिक बोलत नसे, पण त्याचं जेवण कमी झालं. पिक्चर लावायचा तरी हसायचा नाही. मला ते भुतापेक्षा जास्त भेव दाखवायचं.

*

शेवटी वनिताचं स्थळ आलं. आईबाप नसलेली पोरगी, मावशीनं वाढवलेली. मावशी म्हणजे करारी बाई. तिच्या आवाजानं गोठ्यातले बैल उभे राहतील अशी.

म्हाताऱ्यानं सकाळीच फर्मान काढलं. टीव्हीवर चादर टाकली. सीड्यांचं पोतं माळ्यावर गेलं. माणिकला बजावलं, "भूत शब्द काढशील त घराबाहेर! हे गेलं त पुढं कोणी येनार नाई." माणिकनं मान हलवली. त्या दिवशी लाईट गेलेली होती, त्यामुळं घरात अशी शांतता, की चहा उकळताना ऐकू यावा.

मावशीनं विचारलं, "शौक काय तुमाले?"

माणिक म्हणाला, "भजन."

वनितानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा खाली घातली. तिचा चेहरा पडल्यासारखा मला वाटला.

मावशी म्हणाली, "भजनच म्हना. आमी त आयकलं, इथी भुतं कण्हतात."

"छ्या, छ्या!" म्हातारा म्हणाला. "आमच्या घरात भुताचं कोणी नाव घेत नाई!"

आणि लाईट आली.

माणिक सकाळी पिक्चर पाहत असतानाच लाईट गेली होती. टीव्हीचं बटन कोणी बंद केलंच नव्हतं, सीडीही आतच होती. चादरीच्या आतून आधी बाजा वाजला. ढँण ढँण ढँण! मग एक बाई किंचाळली. मग घर्रर्र!

मावशी देवाचं नाव घेत उभी राहिली. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. माणिक भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे पडले ते मी पाहिले, आणि माझ्या हातातली सुपारी खाली सांडली.

वनिता उठली. सरळ टीव्हीपाशी गेली. मला वाटलं, बंद करते आणि मावशीचा हात धरून निघते.

तिनं चादर ओढून काढली, दोन्ही हातांनी घडी केली, ती मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली,

"मावशी, जराशी बाजूले सरक न. दिसून नाई राह्यलं."

माणिकनं भिंतीकडून तोंड फिरवलं.

म्हातारा माझ्याकडे सरकला. मला कोपरानं ढोसलं आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"नारळ आन वं. लवकर!"