विहीणबाईंचा चिखल

आमच्या विहीणबाईंसारखी बाई ठाण्यात दुसरी नाही, आणि नाही तेच बरं, कारण दुसरी असती तर दोघींना चिखल पुरला नसता. मी बाळकुमचा कोळी, चौथीत शाळा सोडलेला, जन्म खाडीत गेला; पण अंगाला चिखल लागला तर मी धुतो. माझ्या लेकीची ही सासू, नौपाड्याची, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, ती मुद्दाम लावून घेते. भरावाखाली मेलेला खाडीचा काठ परत जिवंत करायचा, असं बाईंच्या डोक्यात बसलंय. कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, लांब शेंगा पिशवीत भरून त्या ओहोटीला आमच्याकडे येतात, कैलासवासी व्याह्यांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि चिखलात शेंगा खोचत सुटतात. परतताना एका रिक्षावाल्याने सीट बरबटली म्हणून माजिवड्यालाच उतरवलं, तर ह्यांनी उलट त्याला एक शेंग दिली, "कुंडीत लावू नका हं दादा, हिला खारं पाणी लागतं." नातवाच्या बारशाची वेळ भटजींनी काढली, ती ओहोटीत येते म्हणून ह्यांनी दोन तास पुढे ढकलली. खेकड्याला अहो-जाहो करतात. "अहो, सरका जरा," म्हणतात आणि तो सरकेपर्यंत एका पायावर उभ्या. माझी बायको बांधावर बसून पोट धरून हसायची, पण दोघींचं फार जमायचं. मी आपला टोमणा मारायचो, "विहीणबाई, खाडीचं पण बारसं करताय काय?" त्या म्हणायच्या, "व्याही, तुमच्या होडीला टेकायला काठ नको? तोच करतेय."

शिमग्यानंतर बायको गेली. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं अंथरूण ठेवत नाहीत, खाडीला देतात. बाप गेला तेव्हा दिलं, आई गेली तेव्हा दिलं. मीही गादी, उशी आणि तिने हाताने शिवलेली गोधडी होडीत घातली आणि मधल्या पाण्यात सोडली. आईबापाच्या वेळी चिंध्या होत्या, कुजून जायच्या. ही फोमची गादी. आणि खाडी आता एवढीशी राहिलीय, ती नेणार कुठे? हे नौपाड्याच्या बाईला कळतं, मला कळलं नाही.

पुढच्या ओहोटीला विहीणबाई आल्या, तर गादी नेमकी त्यांच्या रोपांवर बसलेली. दोन वर्षं जपलेली, कमरेएवढी झालेली कांदळं आडवी. "व्याही, एक टोक धरा," एवढंच म्हणाल्या. मी धरलं. फोमने अर्धी खाडी प्यायली होती, हलेना.

"कोणी टाकली असेल हो?"

"पलीकडच्या काठावरनं आली असेल वाहत," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडली नाही.

टोक जरासं उचललं, तर गादीखालून गोधडी निघाली. बाईंनी ती उलगडली, टाके बघितले, परत घडी घातली. माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर मी खोटं रेटलं असतं. मग म्हणालो, "माझीच आहे. आमच्या हिची. मीच टाकली."

"हो. ह्याच टाक्याची एक नातवाला दिलेली आहे त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि मोडलेली रोपं एकेक काढून बाजूला ठेवायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, त्यात मी तयार आहे. ह्याच्यापुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

चार दिवसांनी त्या गोधडी धुऊन घेऊन आल्या. स्वतःच्या गॅलरीत वाळत घातलेली. "मेलेल्या माणसाची कशाला आणलीत घरात?" त्यांची शेजारीण म्हणाली होती. "ओली होती म्हणून," ह्यांनी सांगितलं. चिखलाचा डाग काही निघाला नव्हता. रिवाजाने मला ती आत घेता येईना, आणि खाडीकडे न्यायला आता तोंड नव्हतं. तशीच हातात धरून दारात उभा राहिलो. बाईंनी ती काढून घेतली, दाराबाहेरच्या ओट्यावर अंथरली आणि वर बसल्या.

"चहा मिळेल का, की तोही मीच करू?"

केला. साखर जास्त पडली, हाताला माप कळत नाही अजून. त्यांनी कप रिकामा केला.

"बसा की, व्याही."

थोडा वेळ उभाच राहिलो. मग बसलो, कडेला, अर्धा गोधडीवर, अर्धा गार फरशीवर.