बाबांच्या अंगात आलं तो दिवस

माझे बाबा एका बैलजोडीचे फॅन आहेत. जोडी आमची नाही. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे. ती कामठ्याकडच्या कुणा भल्या माणसाची, आणि तिला पळताना पाहायला बाबा जिल्ह्यातला एकही शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, सोडत नाहीत. बैल साधी ओळखसुद्धा दाखवत नाहीत, तरी यांचं प्रेम आटत नाही.

आमच्याकडे गावात पट असला की त्याच दिवशी मुलगी दाखवतात. पाहुणे म्हणायला पट पाहायला येतात. जमलं तर सोयरीक, नाहीतर "पट मस्त झाला" म्हणत आपापल्या घरी. कुणाची मान खाली जात नाही. मला पाहायला देवरीची मंडळी अशीच आली. मुलाशी आधी फोनवर बोलणं झालं होतं आणि तो मला आवडला होता, सरळच सांगते. भीती होती ती फक्त बाबांची.

आईने त्यांना बजावलं, "आज पटाकडे गेले तं मी माहेरी चालली जाईन."

बाबा बिचारे मुलाच्या वडिलांशेजारी खुर्चीवर बसले. कान मात्र बाहेरच. पटाचा भोंगा घरात ऐकू येत होता, "फॅन लोग, पीछे हटो!"

"हे फॅन म्हंजे का, बाई?" मुलाच्या वडिलांनी मला विचारलं.

मी इंग्रजीत एम. ए. मला तेवढंच हवं होतं. मी सुरू झाले. फॅन हा फॅनॅटिकचा तुकडा, असं बरेच जाणकार मानतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं देऊळ आहे. देवळात ज्याच्या अंगात यायचं, त्याला तसं म्हणायचे. पुढे तो शब्द धर्मवेड्यांना चिकटला आणि मग अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्यांना...

तेवढ्यात भोंग्यावर बाबांच्या जोडीचा पुकारा झाला.

बाबा उठले. डोळे मिटले, घुमायला लागले. मुलाच्या वडिलांच्या खांद्यावरचा दुपट्टा धरून बैलाच्या शेपटीसारखा पिळला आणि आरोळी ठोकली, "हाऽऽ! हाऽऽ! चाल माह्या राजा!" आलूपोह्यांची बशी उडाली. मुलाचे वडील दचकून खरोखरच दोन पावलं चालले.

आईने कपाळाला हात लावला. मला रडूच फुटायचं बाकी होतं. गेली सोयरीक.

आरडाओरडा ऐकून आतून मुलाची आई धावत आली. घुमणाऱ्या बाबांना पाहून तिने हात जोडले आणि तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतलं.

"देव आला व माय! सांग देवा, करू का हे सोयरीक?"

गार पाण्याने बाबांचे डोळे उघडले. भोंगा सांगत होता, "अब सुनिये, इस जोडी का टाइम..." याच क्षणासाठी हा माणूस वर्षभर जगतो. पण बाबांनी भोंग्याकडे पाठ केली, माझ्याकडे पाहिलं आणि देवाच्या आवाजात गरजले, "मले काऊन इचारतं? पोरीले इचार!"

सगळे माझ्याकडे वळले. मी "हो" म्हटलं. जरा जोरातच.

सासूबाई अजूनही बाबांपुढे नारळ ठेवतात आणि बाबा तो निमूट घेतात.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाबा हळूच माझ्याजवळ आले. "टाइम का निंघला व आपल्या जोडीचा?"

"मी नाही ऐकला. तुम्ही?"

"मी बी नाई आयकलो," बाबा म्हणाले. "तू बोलून राहिली होती ना तवा."