अकरा एकांची संख्या

आठ वर्षांची असताना वहीत ओळीनं अकरा वेळा एक लिहून मी अप्पांना विचारलं होतं, याला कशानं भाग जातो? अप्पा ओरत्तनाडूच्या शाळेत गणित, त्यांच्या बोलीत कणक्कु, शिकवायचे. तीन एक असतील तर सदतीस त्रिक, चार असतील तर अकरा गुणिले एकशे एक, हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. अकरा एकांपाशी मात्र अडले आणि ‘उद्या सांगतो’ म्हणाले. तो उद्या ते निवृत्त झाल्यावर उजाडला.

तंजावूरच्या घरी रोज सकाळी कॉफी झाली की ते वही उघडतात. एक मूळ संख्या घ्यायची, तिनं अकरा एकांना भागायचं, बाकी उरली की पुढची घ्यायची. दिवसाला दोनच भागाकार, तिसरा नाही. फोनवर उत्तर क्षणात मिळतं हे त्यांना ठाऊक आहे. पण फोनला विचारायचं नाही, आणि विचारलंच तर त्यांना सांगायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. मी चेन्नईत राहते आणि जात्याच उतावळी. केव्हाच विचारून बसले होते. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं निःशेष भाग जातो. हे पोटात ठेवून तीन वर्षं गप्प राहिले, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम.

गेल्या पोंगलला घरी गेले, तर अप्पा तेवीस हजारांच्या पुढं पोचलेले. म्हणजे उत्तर मागंच राहून गेलं होतं, आणि ते आणखी दहा वर्षं भागत बसले असते तरी सापडणार नव्हतं.

ते आंघोळीला गेल्यावर मी वही चाळली. पान सापडलं. सगळं बरोबर होतं, फक्त शेवटून दुसऱ्या वजाबाकीत उसना घेतलेला एक विसरले होते. शून्याऐवजी बाकी शंभर. अप्पांच्या हातून ही चूक, माझा विश्वासच बसेना. मग समासाकडे लक्ष गेलं. तिथं पेन्सिलीनं, तमिळ अक्षरांत आमची तंजावूरची मराठी लिहिली होती: मुलीचा फोन आला. दिवाळीला येत नाही.

तो फोन मला आठवत होता. दोन मिनिटांत उरकला होता. मला स्वतःचाच संताप आला.

आईचं म्हणणं पडलं, सांगू नको, त्यांचा सकाळचा वेळ छान जातो. पण माझ्या चुकीच्या गणिताला अप्पांनी दया म्हणून कधी अर्धा गुणही दिला नव्हता. दुपारी मी ते पान त्यांच्यापुढं ठेवलं.

“अप्पा, एवढी वजाबाकी पुन्हा करा.”

त्यांनी केली. शून्य आलं. ते लहान मुलासारखे हसले, आईला हाका मारल्या, तिला शून्य दाखवलं. मग त्यांची नजर समासावर गेली.

मी बाकीचे ते शंभर पुसायला रबर उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“कणक्कु तसेंच राहूं दे. चूक माझी आहे.”

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी समासातली ओळ पुसून टाकली.