फ्रान्सला पाठवलेला डबा

लासुर्ण्याच्या फाट्यावर सकाळी इंदापूरची गाडी धरली, तेव्हा पिशवीत एक कोरं कार्ड होतं. नाताळ चार आठवड्यांवर आलेला, आणि मला फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं.

आपल्या भंडाऱ्याकडून मी इथे साखर कारखान्यात वेल्डिंगच्या कामाला आलो, तो सातवीतून शाळा सोडलेला. दोन वर्षांपूर्वी नवी यंत्रं बसवायला फ्रान्सचे मिशेलसाहेब आले होते. माझा उजवा हात रोलरमध्ये ओढला जात होता, त्यांनी मला मागे खेचलं. दोन बोटं वाकडी राहिली, पण हात वाचला. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीचं तोडक्या इंग्रजीतलं पत्र आलं, ते ऑफिसात वाचून घेतलं. साहेब गेले. सोबत साहेबांचा नि माझा फोटो. म्हणून नाताळचं कार्ड त्यांना त्यांच्याच भाषेत धाडायचं होतं.

आपल्या धानाच्या बांध्यांवरून (भाताच्या खाचरांवरून) नजर लांबवर जाते. इथे दोन्हीकडे उसाची भिंत. खिडकीतून पाचट (उसाची वाळकी पानं) उडून मांडीवर येत होतं.

इंदापुरात कार्डांच्या दुकानातले तात्या चष्म्यावरून बघतच राहिले.

"फ्रेंच? हितं विंग्रजीचीच मारामार हाय, पाव्हणं! कुठलं तुमी?"

"भंडाऱ्याचा."

"लई लांबनं आलाय की. बसा, च्या घ्या."

बारामतीत पूर्वी फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई आहेत, असं सांगून त्यांनी पत्ता दिला. दुकानातल्या एका कार्डावरचा मजकूरही उतरवून घ्यायला लावला: 'हा सण आपणांस सुखाचा, आनंदाचा व भरभराटीचा जावो.'

बारामतीची गाडी पुन्हा लासुर्ण्यावरूनच गेली. कंडक्टर तोच. "सकाळी हितंच चढला होता की! काय इसरलं काय?" मी नुसता हसलो.

बाईंच्या घरात बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. मी उजवा हात खिशात घालूनच उभा. सवयच लागली आहे. त्यांनी माझा मजकूर वाचला, साहेबांच्या पत्नीचं पत्र वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"दुःखाच्या घरी 'आनंदाचा जावो' म्हणतात का हो तुमच्याकडे?"

माझे कान तापले. इतकी धावाधाव करून मी त्या माउलीला काय पाठवायला निघालो होतो!

"नाही बाई. वर्षाच्या आत सण आला तर त्या घरी कढई चढत नाही. शेजारी डबा घेऊन जातात."

"आणि काय म्हणतात?"

"काही नाही. डबा ठेवून जवळ बसतात."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "आमच्यात दिवाळी नाही. पण आई वारली, तेव्हा शेजारीण अशीच येऊन बसली होती. मग हेच लिहू या."

त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. शेवटची होती, 'नू पाँसों आ वू', म्हणजे तुम्ही आमच्या मनात आहात. कार्डावर त्यांनीच लिहावं, म्हणून मी ते पुढे केलं.

"अक्षर तुमचं हवं. त्या तुम्हाला ओळखतात, मला नाही."

वाकड्या बोटांत पेन धरून मी एकेक अक्षर चित्रासारखं काढलं. अर्धा तास गेला. बाई शेजारी बसून होत्या.

पाकीट बारामतीच्याच टपालात टाकलं. लासुर्ण्याला उतरलो, तर समोरून उसाची बैलगाडी येत होती. गाडीवानाने ओळखीने हात केला. मीही केला, उजवाच.