दोरीच्या इंजिनाला चाबी

हैदराबादेत मलकपेठेतल्या त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो जनरेटरची दोरी तुटली म्हणून. बाई रिटायर्ड शिक्षिका, साहेब कोर्टातल्या नोकरीतून रिटायर झालेले. साहेबांच्या नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि लाईट गेली की ते मशीन चालवायला अंगणात एक जुना पेट्रोलचा जनरेटर. दोरी ओढून चालू करायचा.

दोरी बदलून मी चार झटके दिले. पाचव्याला इंजिन लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “झालं बाबा एकदाचं!”

बाई दारातच थांबल्या. “मराठी आहेस होय? कुठला रे तू?”

“नांदेडकडचा.”

पुढचा प्रश्न आडनावाचा येणार म्हणून मी मनात तयारी केली. आला तो वेगळाच. “किती शिकलास?”

आडनाव सांगणं सोपं गेलं असतं. “सातवी,” मी म्हणालो. तीही अर्धीच, पण ते बोललो नाही.

“मग वाचता येत असेल. बस. माझे डोळे गेलेत कामातून. साहेबांना पेपर वाचून दाखव, तोवर मी चाय ठेवते.”

एक दिवस शिळा मराठी पेपर होता. मी एकेक अक्षर लावत होतो, जोडाक्षर आलं की घाम फुटत होता. साहेब डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “अरे, वाचतोयस का दोरी ओढतोयस?”

बाई आतून ओरडल्या, “अहो, ओढू द्या की त्याला. लागेल इंजिन.”

तिथून ते सुरू झालं. आमचं इंजिन दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. बाईंचा खांदा धरलेला, त्यांना दोरी ओढवत नसे. लाईट गेली की त्या साहेबांना छोटं सिलिंडर लावत आणि मला फोन करत. सिलिंडर अर्धा तास पुरायचं, मी पाच मिनिटांत पोचायचो. लाईट आल्यावर इंजिन बंदही मीच करायचं, म्हणून तोवर बसायचं आणि वाचायचं. आज हे चार शब्द लिहितोय ते त्या बसण्यातलेच आहेत.

दुकानाचा मालक, आमचा उस्ताद, माझी खेचायचा. “जा मियाँ, तेरे ससुराल की लाईट गई!”

खोलीवर आम्ही चौघं, चार गावांचे. दिवसभर तोंडात दखनी नाहीतर मोडकीतोडकी तेलुगू. मराठी म्हणजे रोजचा आईचा फोन, आणि तो “जेवलास का” इथे सुरू होऊन “बरं, ठेव” इथे संपायचा. मला कुणी तरी मराठीत चार वाक्यं रागवावं, हसावं, असं ठिकाण अख्ख्या हैदराबादेत ते एकच होतं. लाईट जायची वाट बघणारा या शहरात मी एकटाच असेन.

मग उन्हाळ्यात एकदा मी कामाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला गेलो होतो आणि दुपारी फोन आला. बस, मेट्रो, रिक्षा, सगळं करून दीड तासाने पोचलो. लाईट आली होती. बाई अंगणात इंजिनाजवळ खाली बसल्या होत्या. दोरीची मूठ अजून हातात, तळवा सोललेला. आत साहेबांचे ओठ काळसर दिसत होते. सिलिंडर संपल्यानंतर लाईट यायला थोडा वेळ गेला होता. किती, ते मी विचारलं नाही.

“परेशान होऊ नको,” बाई मलाच म्हणाल्या. “आली ना लाईट.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पटकन बोललो, “बाई, याला सेल्फ बसवतो. चाबी फिरवली की चालू. तुम्हाला कुणाची वाट बघायला नको.”

बोलून झालं आणि मग मला कळलं, मी काय बोललो ते.

उस्तादला विचारलं. “कायकू नहीं होता? इसीच इंजन का सेल्फवाला बाद में निकला ना. बॉडी में जगह है, देख.” खरंच होती. बॉडीला मोटर बसवायची जागा सोडलेली, भोकं तेवढी पाडायची होती. भंगारातून त्याच जातीचं एक मेलेलं इंजिन शोधलं. त्याची मोटर चांगली होती, बाहेरून दाते असलेलं फ्लायव्हीलचं चाक चांगलं होतं, आणि चाकाच्या आत बसणारी, सेल्फची बॅटरी भरत ठेवणारी चार्जिंगची कॉईलही.

रविवारी सकाळी बाईंच्या अंगणात बसलो. पुलर लावून जुनं चाक काढलं. भोकं पाडून मोटर बसवली, कव्हरचा पत्रा कापला. आता कॉईल, आणि तिच्यावर नवं चाक.

इथे मी थांबलो. ही कॉईल नसली तरी सेल्फ फिरतो, इंजिन चालतं. फक्त बॅटरी भरत नाही. दहा-बारा वेळा चाबी फिरवली की बॅटरी बसली, आणि मग फोन मलाच. वर चाक चढवून नट आवळला की आत काय आहे, काय नाही, कुणाला दिसणार? मी कॉईल हातात घेऊन बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आतून साहेबांच्या मशीनचा आवाज येत होता. बाई चाय घेऊन आल्या, हाताला अजून पट्टी होती. मी कॉईल बसवली. स्क्रू आवळले. मग भीती वाटली म्हणून परत एकदा आवळले.

स्पार्कची कॉईल वेगळी, चाकाबाहेरची; तिच्यात आणि चाकात बारीक फट राखायला जाडसर कागद हवा होता. बाईंनी पेटीतून एक जुनं पोस्टकार्ड दिलं, त्यांच्या बहिणीचं. “घे. पण आधी वाच.”

मी वाचलं. सगळं, न अडखळता. लोणच्याचं होतं, तब्येतीचं होतं. खिडकीतून साहेब म्हणाले, “लागलं बरं का याचं इंजिन.”

दुपारी बाईंनी चाबी फिरवली. पहिल्याच फेरीत चालू! त्या लहान मुलीसारख्या मागे सरकल्या, मग बंद करून परत चालू केलं. साहेब म्हणाले, “मलाही एक बसव रे अशी चाबी.” दोरी मी तशीच ठेवली होती, वेळेला असू द्यावी म्हणून. बंद करायचंही शिकवलं: आधी मशीनचा प्लग काढायचा, एक मिनिट इंजिन मोकळं चालू द्यायचं, मग चाबी.

“आणि दर रविवारी दहा मिनिटं चालवा, बॅटरी भरलेली राहील. मी येऊ का त्याला?”

“तुला सुट्टी तो एकच दिवस. मी करते ना,” बाई म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या.

त्यानंतर फोन आला नाही. येत जा म्हणून बाईंनी सांगितलं असेलही, दारातून निघताना सगळेच सांगतात. पण काम नसताना कुणाच्या घरी कसं जायचं, हे मला येत नाही.

महिन्याभराने भर दुपारी लाईट गेली. दुकानातला ग्राइंडर थांबला. मी मोबाईल हातात घेऊन उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग राहवेना, दोन गल्ल्या चालत गेलो. फाटकाबाहेरूनच आवाज आला, एकसारखा, कुठे अडखळ नाही. मी भिंतीच्या सावलीत उभा राहून ऐकलं. समोरच्या घरातला पंखा फिरायला लागला तेव्हा इंजिनाचा आवाज जरा हलका झाला, म्हणजे प्लग निघाला. मी मनात आकडे मोजले. बरोबर मिनिटभराने चाबी बंद झाली.

परत आलो तर उस्तादने विचारलं, “क्या हुआ रे? फोन आया था?”

“नै,” मी म्हणालो. “चालू हो गया उनका.”