सातवी खुंटी

हे वैनींना सांगितलेलं नाही, शैलाला नाही, गावी बायकोला तर नाहीच. एकदा रिकाम्या दुकानात स्वतःशीच मोठ्याने बोलून बघितलं – आणि मधेच थांबलो. भिंतीवर पत्रे टांगलेले होते. त्यांच्यासमोरही जीभ वळेना.

तुम्ही अनोळखी आहात, ते बरं आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की माझी मान आपोआप हलते. समजलं, समजलं, हो. न समजलेल्या गोष्टींनासुद्धा मी आयुष्यभर हो म्हणत आलोय. त्यातला एक हो मात्र – थांबा, त्याच्या आधीचं सांगायला हवं.

मी चोपड्याकडचा. सहावीतून शाळा सुटली. लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होतो, म्हणजे कुणी गैरहजर राहिला तरच आत, नाहीतर गेटवर उभं. गेटवर माझ्यासारखे शंभर असायचे. ‘समजलं नाही’ म्हणणारा बदली दुसऱ्या दिवशी आत दिसायचा नाही. मान हलवायची सवय तिथली.

मग संप झाला. महिनाभरात मिटेल म्हणाले. मिटला नाही. कोकणातले कोकणात गेले, घाटावरचे घाटावर. मी जाऊन करणार काय होतो? वैनींच्या खानावळीत जेवायचो, तिथे जायचं मी बंद केलं – खिशात पैसा नाही, तोंड कसं दाखवायचं? तिसऱ्या दिवशी मी खालून जाताना वैनीच त्यांच्या चाळीच्या जिन्यावर उभ्या राहून ओरडल्या, “गे बाय, हो बघ! उपाशी खय फिरतलंस रे मेल्या? ये वर!” वर गेलो. पेज होती आणि सुकट. त्या दिवसापासून मी त्या घरचाच झालो म्हणायला हरकत नाही. आणि घरचा झालो म्हणूनच पुढे अडकलो, असंही वाटतं. पण हे उपकाराला नावं ठेवण्यासारखं होईल. नको.

वैनींचे यजमान आमच्याच गिरणीत फिटर होते. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा त्यांनी चाळीच्या जिन्याखाली पत्र्याचं काम सुरू केलं – ट्रंका, कोठ्या, पाण्याची पिंपं – आणि मला हाताखाली घेतलं. मेस्त्रींचा हात कसा होता, ते सांगतो. एकदा मापायचे आणि कापायचे. पुन्हा मापत नसत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचं काम अर्धं सूतही चुकल्याचं मला आठवत नाही. माझा पत्रा तिरका गेला की म्हणायचे, “खानदेशात सगळा वाकडाच आसता काय रे, दिगू?” सगळी चाळ हसायची. मीही हसायचो. खरं सांगू? इतकं आपलं कुणी मला कधी चिडवलं नव्हतं.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

शैला त्यांची मुलगी. दादरच्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर जोडायला शिकली. गिरगावातले छापखानेवाले लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी घरी करायला द्यायला तयार होते, फक्त मशीन स्वतःचं हवं. तिने लॅमिंग्टन रोडवरून एकेक जुना भाग जमवला. राहिली ते भाग बसवायची पेटी. बाजारातली पेटी उंच, कपाटासारखी. दहा बाय बाराच्या खोलीत ती ठेवणार कुठे? एकच जागा रिकामी होती – खानावळीची ताटं ठेवायची फळी. जेवणारेच उरले नव्हते, तर ताटं कुठली. फळीपासून वरच्या पोटमाळ्यापर्यंत अकरा इंच.

“बाबा, ह्यात मावेल असा डबा करून द्याल?”

“डबोच मा तो?” मेस्त्री म्हणाले. “होतलो.”

पण आठ दिवस दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. आमच्याच गिरणीच्या भंगारातून आलेल्या कपाटाचं दार त्यांनी त्यासाठी राखून ठेवलं. जाड, जुना पत्रा; आतल्या बाजूला कुणा कामगाराचा नंबर रंगवलेला. तो नंबर त्यांनी घासला नाही, आतच राहू दिला. वारा खेळायला भोकं हवीत म्हणून शैलाने सांगितलं, तर नुसती भोकं न पाडता ठिपक्यांची रांगोळी काढली त्यांनी पोगराने, म्हणजे भोकं पाडायच्या टोच्याने. चाळीतल्या बायका बघायला यायच्या. “मेस्त्री, माका पण एक करून द्या,” एकजण म्हणाली, “त्यात तांदूळ ठेवीन.” “भोकातून उंदीर खातीत,” मेस्त्री म्हणाले.

आता खुंट्यांचं. मशीनची मुख्य हिरवी पट्टी, शैलाच्या भाषेत मदरबोर्ड, पत्र्याला चिकटली तर वीज पत्र्यात उतरते आणि सगळं जळतं. म्हणून ती बोटाच्या पेराएवढ्या पितळी खुंट्यांवर उचलून धरायची. पट्टीला जिथे भोक, फक्त तिथेच खुंटी. शैलाने कागदावर काढून दिलं, सहा ठिपके, बाजूला इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तिने दोघांना समजावलं. “समजलं ना, दिगूकाका?”

माझी मान हलली.

शनिवारी दुपारी वैनी मेस्त्रींना पालिकेच्या दवाखान्यात डोळे दाखवायला घेऊन गेल्या. पाच खुंट्या त्यांनी सकाळीच बसवल्या होत्या, सहावीची जागा पोगराने टोचून ठेवली होती. “येवढी एक बसव आणि सोड.” मी बसवली. पुडीत आणखी एक उरली. सात होत्या पुडीत. सात असतील तर सात लावायच्या असणार – नाही का? आणि पट्टीच्या एका कडेला, जिथे शैला वरून दाबून दुसरे भाग खोचणार, तिथे खाली काहीच आधार नव्हता. ट्रंकेत आपण काय करतो? जिथे वजन येणार तिथे एक रिव्हेट जास्त. मला वाटलं, मेस्त्रींच्या नजरेतून एवढं सुटलं. मला वाटलं – हे लिहायलाही लाज वाटते – ते खूश होतील. भोक पाडलं, आटे पाडले, सातवी खुंटी बसवली. काम मात्र सुबक झालं होतं. त्यांच्यासारखंच.

रविवारी सकाळी शैलाने सगळं जोडलं. डबा फळीवर असा बसला की वर बोटभर जागा उरली, बरोब्बर. वैनींनी हळदकुंकू लावलं. शैलाने बटण दाबलं.

पंखा एकदा गरगरला. मग वास आला.

तिने पट्टी उचलली. खालच्या बाजूला काळा डाग, आणि बरोबर त्याच्याखाली सातवी खुंटी. तिने सहा ठिपक्यांचा कागद काढून बाबांपुढे ठेवला. मेस्त्रींनी चष्मा लावला, खुंटीवर अंगठा फिरवला, कागद बघितला. दोनदा मोजलं – मेस्त्रींनी काहीतरी दोनदा केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते.

“दिगू, ही मीच बसयलंय रे?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एक अक्षर. मानसुद्धा हलवली बहुतेक.

त्यांनी मला बाहेर काढलं असतं का? नाही. दोन शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळी जेवायला हाक मारली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग का? पुष्कळ वेळा विचारलं स्वतःला. जे उत्तर येतं ते सबबीसारखं ऐकू येतं, म्हणून लिहीत नाही.

आणि हे अर्धंच झालं. चार दिवसांनी वैनींनी मला जिन्यात गाठलं. डॉक्टरांनी मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, कित्येक वर्षं काही होणार नाही असं सांगितलं होतं. तरी त्यांनी विचारलं, “खरा सांग, ह्यांका कामात दिसता मा?” तेव्हा परत फिरता आलं असतं. मी म्हणालो, “वैनी, अलीकडे जरा चुकतं त्यांचं. मी सांभाळून घेतो.”

सांभाळून घेतो. हे कुणी मला विचारलं नव्हतं.

मेस्त्रींनी त्यानंतर पत्रा कापला नाही. “माझो हात ऱ्हवलो नाय,” म्हणायचे आणि दुकानात स्टुलावर बसून राहायचे. काही महिन्यांनी शैलाने दुसरी पट्टी आणली, सातवी खुंटी काढून टाकली आणि त्याच डब्यात बसवली. सहाच्या सहा खुंट्या भोकांशी तंतोतंत जुळल्या. ते मशीन नऊ वर्षं चाललं. ती बापाला सांगायची, “बाबा, माप बरोबरच होतं तुमचं.” ते हसायचे. त्यांना वाटायचं, मुलगी मन राखते.

कधी हुक्की आली तर पत्र्यावर एखादी रेघ ओढायचे आणि मोजपट्टी माझ्या हातात द्यायचे. “बघ रे, बरोबर आसा मा?” मी मापायचो. दरवेळी बरोबर असायची. “बरोबर आहे, मेस्त्री,” मी म्हणायचो, आणि ते माझे आभार मानायचे.

आता ते नाहीत. दुकान माझ्या नावावर आहे. लोक मला मेस्त्री म्हणतात आणि मी ओ देतो. वैनी आहेत, ऐंशीच्या पुढे, शैलाकडे दादरला. रविवारी मला मासे वाढतात आणि दर रविवारी म्हणतात, “तू नसतंस तर ह्यांचा काय झाला असता!” मी खाली मान घालून काटे काढतो. डबा माझ्याकडे आहे. शैलानेच दिला – “काका, तुमच्याकडेच शोभतो.” झाकण उघडलं की तो कामगाराचा नंबर दिसतो, सहा खुंट्या दिसतात, आणि एक रिकामं भोक.

शैलाचं आता स्वतःचं टायपिंगचं दुकान आहे. माझं अक्षर कुणाला लागत नाही. हे छापायला द्यायचं तर आधी तिच्याकडूनच टाइप करून घ्यावं लागणार. उद्या सकाळी हे कागद तिच्या टेबलावर ठेवणार आहे. तिने पुढे काय करावं, ते मी लिहिलेलं नाही.

शैला, त्या सहा बाबांच्या मापाच्या होत्या. सातवी मी बसवली.